चार क्वार्टर, चार राखणदार

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को या भागात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. सप्टेंबर लागला की रविवारी कुणाच्या ना कुणाच्या बॅकयार्डमध्ये काउबॉइजचा सामना लावलेला असतो. इथे वाढलेल्या आमच्या मुलांना हे अमेरिकन फुटबॉल क्रिकेटपेक्षा जास्त कळतं. काउबॉइजनी शेवटचा सुपर बोल १९९६ च्या जानेवारीत जिंकला, तरी दरवर्षी त्याच उमेदीने जर्सी कपाटातून बाहेर येतात. मला हा सगळा मेळा मनापासून आवडतो. म्हणूनच जे पहिल्यांदा लोकांना घरी बोलावणार आहेत त्यांच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी वेळेचा अंदाज घ्या. कागदावर सामना १५-१५ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे तासाभराचा. प्रत्यक्षात टाइमआउट, जाहिराती, पंचांच्या चर्चा आणि मधली सुट्टी धरून तीन तास सहज होतात. लोक अर्धा तास आधी येतात, संपल्यावर तासभर रेंगाळतात. इतका वेळ पेटती शेगडी, उघडं जेवण, बिअर, धावणारी मुलं आणि बऱ्याच घरी स्विमिंग पूल, हे सगळं एकाच अंगणात असतं आणि मोठ्या माणसांचे डोळे मात्र एकाच दिशेला लागलेले असतात.

आमच्याकडे ईगल्सविरुद्धचा सामना होता. पुलाभोवती जाळीचं कुंपण आहे, फाटक आपोआप मिटून कडी लागते. त्या दिवशी बर्फाचा कूलर आत-बाहेर नेताना कुणीतरी फाटकाला खुर्ची टेकवली आणि ती तशीच राहिली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टचडाउन झाला. सगळे उभे, आरडाओरडा, एकमेकांना टाळ्या. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना या खेळात काडीचा रस नव्हता. टीव्हीवरचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्या पाठ करून, पुलाकडे तोंड करून बसल्या होत्या. एका पाहुण्यांचा चार वर्षांचा मुलगा पाण्यात पडलेल्या चेंडूसाठी पहिल्या पायरीवर उतरलेला त्यांना दिसला. सँडल घातलेला एक पाय पाण्यात, एक हात पुढे. त्यांनी दोनदा हाक मारली, त्या गोंगाटात कुणाला ऐकू गेली नाही. मग सत्तरीच्या त्या बाई स्वतःच उठून गेल्या आणि त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. मुलाची आई तेव्हा तिथून दहा पावलांवर होती. सगळ्यांत काळजी घेणारी आई म्हणून आम्ही तिला ओळखतो.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बुडणं हे आहे. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जातं, आवाज निघत नाही, आणि मिनिटाभरात होत्याचं नव्हतं होतं. 'इतकी माणसं आहेत, कुणीतरी बघतच असेल' हा समज गर्दीच्या अंगणात सगळ्यांत धोक्याचा आहे, कारण त्या 'कुणीतरी'ला नाव नसतं.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक क्वार्टरला एक राखणदार असतो. घड्याळात तो क्वार्टर पाऊण तासाचा होतो. तेवढा वेळ त्या माणसाने टीव्हीकडे पाठ करून बसायचं, हातात फोन नाही, बिअर नाही. गळ्यात शिट्टी. पाळी संपली की शिट्टी पुढच्याच्या हातात द्यायची, खुर्चीवर ठेवून निघून जायचं नाही. मधल्या सुट्टीत सगळे ताटं घ्यायला उठतात, तेव्हा यजमानाने स्वतः शिट्टी घ्यावी. पोरांना खेळायला पुलापासून लांबचा कोपरा द्यावा आणि पाण्यातली खेळणी, चेंडू पाहुणे येण्याआधीच काढून ठेवावेत. मूल पाण्याकडे जातं ते बहुतेक वेळा खेळण्यासाठीच.

दुसरी राखण विस्तवाची. ग्रिल घराच्या भिंतीपासून आणि लाकडी कुंपणापासून निदान दहा फूट लांब हवी, पॅटिओच्या छपराखाली नको. आपल्या लोकांचा आणखी एक बेत असतो. घरात तळण्याचा वास कोंडतो, स्मोक अलार्म वाजतो, म्हणून प्रोपेनच्या शेगडीवर बाहेरच बटाटेवडे तळायचे. वडे गरम मिळतात, पण कढई सपाट, भक्कम जागी आणि अर्ध्याहून कमी भरलेली असावी. तळणारा माणूस टचडाउन बघायला म्हणून दोन पावलंही हलणार नसेल तरच हा बेत करा. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नका. गॅस बंद करून धातूचं झाकण ठेवा, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी असू द्या. कोळशाची ग्रिल असेल तर रात्री आवराआवरीच्या घाईत राख कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओतली जाते. वरून राखाडी, गार दिसणारा कोळसा आत दुसऱ्या दिवशीही धगधगता असू शकतो, आणि ते डबे बहुधा गॅरेजच्या भिंतीला लागून असतात. राख पाण्याने भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर, उघड्यावर ठेवा.

जेवण सगळं एकदम मांडू नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नको. टेक्ससमध्ये सप्टेंबरच्या दुपारी हवा तेवढी तापलेलीच असते. म्हणून अर्धं सुरुवातीला आणि अर्धं मधल्या सुट्टीत काढा. नारळाची चटणी, रायतं, मेयोनेजचं काहीही बर्फाच्या परातीत ठेवा. चिकन आतून ७४ अंशांपर्यंत गेलंय का हे थर्मामीटर खुपसून बघा. वरच्या रंगावर विसंबू नका. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी ग्रिल नसेल तर त्यांचे पदार्थ आधी भाजा, आणि चिमटा मात्र वेगळाच ठेवा.

टीव्हीचं म्हणाल तर दुपारच्या सामन्याला प्रोजेक्टर आणू नका. डॅलसला सप्टेंबरात साडेसातच्या आसपास सूर्य मावळतो, तोवर पडद्यावर काही दिसत नाही. छपराखाली टीव्ही ठेवा, पडद्यावर पश्चिमेचं ऊन पडणार नाही असा. वायर टेस्ट आणि रीसेटची बटणं असलेल्या बाहेरच्या सॉकेटलाच जोडा आणि पुलाच्या काठाने नेऊ नका. साधा अँटेना मिळाला तर उत्तम. स्ट्रीमिंग बऱ्याचदा अर्धा मिनिट मागे असतं आणि शेजारच्या अंगणातला जल्लोष तुमच्याकडचा टचडाउन आधीच फोडतो.

बिअरबद्दल मी कडक आहे. एनएफएलच्या स्टेडियममध्ये साधारणपणे तिसरा क्वार्टर संपला की विक्री थांबते. घरीही तोच नियम ठेवा आणि तो निमंत्रणातच कळवा, म्हणजे कुणाला राग येत नाही. चौथ्या क्वार्टरला चहा टाका. ज्याने जास्त घेतली असेल त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका. टॅक्सी बोलवा, नाहीतर गादी घाला. एकवीसच्या आतल्या मुलांना 'घरचाच कार्यक्रम आहे' म्हणून ग्लास देऊ नका, मग त्यांचे काका कितीही आग्रह करोत.

पाहुण्यांची यादी करायच्या आधी चार राखणदारांची नावं लिहा आणि त्यांना फोन करून सांगा. घरी पूल असेल तर नवरा-बायको दोघांनीही सीपीआर शिकून घ्या. रेड क्रॉस आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन हे वर्ग चालवतात आणि एका दिवसात ते होऊन जातं. सीझन सप्टेंबरात सुरू होतो, तेव्हा हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरका.