उष्माघात : आशाताईंच्या प्रशिक्षणातील एक पाठ

परतूर परिसरात वैशाखाच्या उन्हात पऱ्हाट्या वेचण्याचे काम बहुधा स्त्रियांच्या वाट्यास येते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले. २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा अमलात आला. खेड्यात असा आराखडा म्हणजे प्रत्यक्षात आशाताईच.

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ एका फरकासाठी द्यावा. घाम, थकवा, पायांत गोळे, परंतु बोलणे सुसंगत असेल, तर सावली, विश्रांती व जलसंजीवनी बहुधा पुरते. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल, तर उष्माघातच समजावा. घाम येतो म्हणून निर्धास्त राहू नये; राबणाऱ्या माणसास उष्माघातातही घाम असू शकतो. काखेतील थर्मामीटर येथे फसवतो. ‘नाव काय, गाव कोणते’ हे दोन प्रश्न अधिक उपयोगी.

१०८ क्रमांकास कळवून, वाहनाची वाट न पाहता, अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. पाणी टँकरचे असले तरी हात आखडू नये. तापाची गोळी निरुपयोगी. बेशुद्धास पाणी पाजणे घातक.

पत्र्याचे घर रात्रीही लवकर निवत नाही. म्हणून वृद्ध व बाळंतिणींकडे सायंकाळची एक फेरी अवश्य ठेवावी.