समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे

‘समुपदेशन’ या शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे आणि आपल्याकडील बराचसा गैरसमज तेथूनच सुरू होतो. वसतिगृहातील मूल अभ्यासात मागे पडले किंवा एकाएकी अबोल झाले, की पालक म्हणतात, “गुरुजी, जरा त्याला समजावून सांगा.” समजावून सांगणे वाईट नव्हे. परंतु मानसोपचाराचे जे शास्त्र गेल्या सव्वाशे वर्षांत उभे राहिले, त्याचा आरंभ सांगण्यातून नव्हे, तर ऐकण्यातून झाला.

व्हिएन्नाचे डॉ. योसेफ ब्रॉयर यांच्या एका तरुण रुग्णेला मनातले बोलून दाखविल्यावर आराम पडे. या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिले. ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली अशा रुग्णांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे फ्रॉइड यांचे मनोविश्लेषण आकारास आले. त्यांचे अनेक सिद्धांत आज वादग्रस्त आहेत. तथापि माणसाच्या वागण्यामागील कारण त्याचे त्यालाही ठाऊक नसू शकते, हा त्यांचा विचार टिकून राहिला. “तू असे का वागलास?” या प्रश्नावर मूल खाली मान घालते, ते नेहमीच उद्धटपणामुळे नसते.

वर्तनवाद्यांना मनाच्या तळाशी काय आहे याचे फारसे कुतूहल नव्हते. भीती शिकली जाते, तशी ती विसरताही येते, असे त्यांचे म्हणणे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाविषयीची भीती घालविली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवला जाई आणि पुढे हळूहळू जवळ आणला जाई. सशाला न घाबरणारी इतर मुलेही काही वेळा सोबत असत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलून देणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य लक्षात घ्यावा!

कार्ल रॉजर्स यांनी १९५१ च्या ग्रंथात व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाची मांडणी केली. तत्पूर्वी त्यांनी मुलांसाठीच्या केंद्रात अनेक वर्षे काम केले होते. तेथे एका मुलाच्या आईला ते तिचे काय चुकते हे परोपरीने सुचवीत राहिले, पण उपयोग होईना. भेटी थांबविण्याचे ठरले. निघता निघता त्या बाईंनी विचारले, “तुम्ही मोठ्या माणसांचे समुपदेशन करता का?” आणि मग स्वतःच्या संसाराचे दुःख त्यांनी मोकळे केले. खरे काम तेव्हा सुरू झाले आणि मुलालाही त्याचा लाभ झाला. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच कळते, हे रॉजर्स येथे शिकले. समुपदेशकाने प्रामाणिक असावे, समोरच्याचा विनाअट स्वीकार करावा व त्याच्या जागी उभे राहून समजून घ्यावे, या त्यांच्या तीन अटी आजही बहुतेक सर्व पद्धतींचा पाया आहेत.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास वेगळा मार्ग दाखविला. घटना नव्हे, तर घटनेविषयीचा आपला विचार आपल्याला अस्वस्थ करतो, हे त्याचे सूत्र. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा प्रसार केला. “नापास झालो तर गावात तोंड दाखवायला जागा नाही,” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत विचारते : नापास होणे त्रासदायक खरे, पण तेवढ्याने तू निरुपयोगी कसा ठरतोस?

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या, जातीवरून हिणवल्या गेलेल्या मुलाचे दुःख हा त्याच्या विचारातील दोष नव्हे. अपमान करणारा मोकळा आणि विचार मात्र मुलाने बदलावा, असे समुपदेशन अन्यायाला हातभार लावते. “मला अपमानित केले गेले” हे सत्य आहे. “म्हणून मी कमी आहे” हे असत्य आहे. पहिले मान्य करून त्याविरुद्ध शाळेने उभे राहावे आणि दुसरे खोडून काढण्यास मुलाला साहाय्य करावे. क्रमही हाच असावा.

शिक्षक वा अधीक्षक हे मानसोपचारतज्ज्ञ नव्हेत आणि त्यांनी तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. मुलाने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत बोलू नये. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र योग्य व्यक्तीला कळविणे हेच कर्तव्य ठरते. झोप व जेवण तुटणे, मित्रांपासून दूर जाणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मरणाची भाषा करणे ही लक्षणे दिसल्यास तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. “जीव द्यावासा वाटतो का?” असे आपुलकीने, स्पष्टपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने रुजत नाही, उलट मनात असलेला विचार बोलून दाखविण्यास त्याला वाट मिळते.