आधी सुटका, मग आज्ञा



निर्गमच्या पुस्तकातील क्रम आपण पाहू या. बाराव्या अध्यायात कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लागते आणि त्या वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोक मिसरातून सुटतात. दहा आज्ञा येतात त्या विसाव्या अध्यायात. म्हणजे आज्ञा पाळल्या म्हणून देवाने त्यांना सोडवले नाही. सोडवल्यावर आज्ञा दिल्या.

संत पौल ख्रिस्ताला आपल्या वल्हांडणाचे कोकरू म्हणतो (१ करिंथ ५:७). तो विधी ख्रिस्तात पूर्ण झाला. दहा आज्ञा मात्र आजही आपल्या आहेत. मग रविवारची मिस्सा आपण कर भरावा तशी उरकतो, की सुटका झालेल्यांच्या कृतज्ञतेने अर्पण करतो? मिस्सा संपल्यावरही भावाशी अबोला कायम असेल, तर आपले पाऊल अजून मिसरातच आहे. या आठवड्यात ते उचलू या.