जुना डिटेक्टर विकण्याआधी

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर विकणारा गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी खोली विकतो. ‘तुमचं हे जुनं मशीन सहा इंच जातं, हे नवं सहज बारा इंच जाईल,’ असं सफोकमधल्या एका दुकानदाराने मला ऐकवलं आणि मशीनच्या टोकाच्या चकतीपुढे, म्हणजे कॉइलपुढे, हवेत नाणं हलवून दाखवलं. हवेत मातीतला लोहांश नसतो, गंजके खिळे नसतात. त्या प्रात्यक्षिकावर भुलून पाकीट काढू नका.

खोलीचं गणित फार निर्दय आहे. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र अंतर वाढेल तसं घनाच्या प्रमाणात क्षीण होतं, आणि नाण्याकडून उलट येणारा प्रतिसादही तसाच विरतो. दोन्ही मिळून सहावा घात. कॉइलच्या मानाने नाणं बरंच खोल असेल, तर दुप्पट खोलीवर प्रतिसाद चौसष्टपट क्षीण होतो. इलेक्ट्रॉनिक्स कितीही सुधारलं तरी इथे कमाई फार तर इंच-दोन इंचांची. आणि जुन्या मशीनला कमी लेखू नका: सफोकमधल्याच हॉक्सन गावाजवळ १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना सुमारे पंधरा हजार रोमन नाण्यांचा साठा सापडला. मशीन त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं. त्या काळची मशीनं आज दुकानदार भंगारात काढतो. (लॉज यांचं खरं मोठेपण हे, की थोड्या वस्तू हाताला लागल्यावर ते थांबले आणि बाकीचं खणणं पुरातत्त्वज्ञांवर सोडलं.)

मग नवं घेऊच नये का? तसंही नाही. मी एका मित्राचं नवं मशीन उसनं आणलं आणि दोन्ही एकाच शेतात फिरवली. इथे एक पथ्य पाळावं लागतं. एकाने आवाज दिला की लगेच खणायचं नाही. तिथे खूण करायची, दुसऱ्याने तपासायचं आणि मगच फावडं लावायचं. नाहीतर ज्याने आधी खणलं त्याचंच कौतुक होतं. स्वच्छ कुरणात दोघांत फरक जवळजवळ नव्हता. पण शेजारच्या नांगरलेल्या तुकड्यात, जिथे कधीकाळी घरं होती आणि मातीत कौलांचे तुकडे नि खिळेच खिळे होते, तिथे जुन्याची दमछाक झाली.

कारण वेगाचं आहे. लोखंड गाळायला लावलेलं जुनं मशीन खिळ्यावर गप्प होतं आणि पुन्हा ऐकायला तयार होईपर्यंत शेजारचं नाणं कॉइलखालून निसटतं. नवी मशीनं या सावरण्यात कितीतरी चपळ आहेत. जुनं असेल तर कॉइल लहान लावा, हात सावकाश फिरवा आणि गाळणीचं बटण शक्य तितकं खाली ठेवा; बरीच कसर भरून निघते. बटण चढवून ठेवण्याची किंमत इंग्लंडच्या मातीत तर फारच मोठी. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये गोल फार्दिंग (पाव पेनीचं नाणं) पाडायला घेईपर्यंत चांदीची पेनी कापून तिचे अर्धे आणि चतकोर तुकडेच सुटे पैसे म्हणून सर्रास चालत. असा पातळ चतकोर डिटेक्टरला चॉकलेटच्या फॉइलसारखाच ऐकू येतो. फॉइल गप्प केलं की तोही गप्प.

ओल्या खाऱ्या वाळूत मात्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन नेऊच नका. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे ते सतत कुरकुरतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर काम करणारं मशीन तो गोंधळ बराचसा वजा करतं. गंमत म्हणजे ही युक्ती आजची नाही. फिशरचं सीझेड-६ आणि माइनलॅबचं सॉव्हरिन ही मशीनं १९९१ च्या सुमाराला तेच करत होती. तेव्हा मशीनचं वय विचारू नका, ते आत काय करतं ते विचारा.

किनाऱ्याचा विषय निघाला की रत्नागिरीकडचे नातेवाईक म्हणतात, सुट्टीत घेऊन ये. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, भल्या भल्या मशीनचा कस तिथे लागेल. पण त्याआधी कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित गडकिल्ल्यांवर खणण्याची तर बातच सोडा. इंग्लंडमध्येही जमीनमालकाची परवानगी लागते, आणि कायद्याच्या व्याख्येत बसणारा ‘ट्रेझर’ सापडला तर चौदा दिवसांत कोरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

जुन्या मशीनचा जीव खरा अडकतो तो सुट्या भागांत. माझ्या मशीनची कॉइल गेली तेव्हा ते बनवणारी कंपनी उरली नव्हती. वापरलेली कॉइल मागवली. दिसायला ठणठणीत, पण केबल जरा हलली की खोटा आवाज. आतली तार तुटलेली. विकणारा पैसे परत द्यायला तयार नव्हता. म्हणून जुनं मशीन घेताना ते चालू ठेवून केबल वाकवून पाहा, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट थर आहे का बघा, आणि कॉइलचं कव्हर काढून आत अडकलेली माती धुवा; बरेच खोटे आवाज त्या मातीचेच असतात. नव्यालाही सुट्या भागांचा हा रोग लागणार आहे. बऱ्याच जुन्यांत साधे सेल चालतात, कुठल्याही वाण्याकडे मिळतात. आजच्या कित्येक मॉडेलांत लिथियम बॅटरी आतच बसवलेली असते, ती आठ-दहा वर्षांनी कोण बदलून देणार हे घेतानाच विचारा. नामांकित मॉडेलांच्या नकलाही बाजारात फिरतात, त्यामुळे सीरियल नंबर कंपनीकडून पडताळल्याशिवाय स्वस्तातलं नवं घेऊ नका.

माझ्यापुरता निकाल असा: कुरणासाठी जुनंच, खिळ्यांच्या शेतासाठी नवं आणि किनाऱ्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सींचं, मग त्याचं वय काहीही असो. आणि तुम्ही जुनं विकणार असाल, तर घेणाऱ्यासमोर केबल स्वतः वाकवून दाखवा.