तुंबडी लावावी काय?

आमच्या वृद्ध मंडळातले एक गृहस्थ मागच्या उन्हाळ्यात समुद्रावर सदरा काढून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पाठीवरचे वाटोळे जांभळे डाग पाहून आम्ही घाबरलोच. “कोसोत रुआख लावून घेतले,” ते म्हणाले. “कंबर धरली होती, आता बरी आहे.”

कोसोत रुआख म्हणजे वाऱ्याचे पेले. आपली तुंबडीच की! पोट दुखू लागले की आपल्याकडे पोटावर पेटती पणती ठेवून वर तांब्या उपडा घालीत, हे वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. दिवा विझला की तांब्या कातडीला असा चिकटे की ओढून निघत नसे. आतली तापलेली हवा थंड होते, दाब कमी होतो व कातडी वर ओढली जाते. एवढेच त्यातले शास्त्र.

सुश्रुताने रक्त काढण्यासाठी शिंग, भोपळा आणि जळू सांगितली आहेत. तुंबा म्हणजे भोपळा, त्यावरून तुंबडी. पुढे हे काम न्हाव्याकडे आले. हजाम हा शब्दसुद्धा अरबीत मूळ तुंबडीवाल्याचाच. आपण म्हणतो, ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’. पोलंड-रशियाकडून आलेल्या आपल्या शेजाऱ्यांत यिद्दिश म्हण आहे की, मेलेल्याला तुंबड्या लावून काय उपयोग! दोन्हीकडे तुंबडीची थट्टाच, ही गंमत आहे.

तलमूदात, तआनीथमध्ये, अब्बा नावाच्या रक्त काढणाऱ्याची गोष्ट येते. स्त्रियांचे अंग उघडे पडू नये म्हणून त्याने फट ठेवलेले एक खास वस्त्र केले होते. पैशांची पेटी तो नजरेआड ठेवी. असेल त्याने टाकावे, नसेल त्याने लाजू नये. असा तुंबडीवाला आज मिळाला तर आम्ही उपायाआधी त्यालाच नमस्कार करू. रांबाम तर स्वतः वैद्य. त्यांनी लिहिले की रक्त काढण्याची सवय लावू नये, फार गरज असेल तरच काढावे, आणि पन्नाशीनंतर मुळीच काढू नये. वाचकहो, आपण पन्नाशी केव्हाच ओलांडली!

आता फायद्याचे. मान, कंबर, खांदे यांच्या जुन्या दुखण्यात तुंबडीने थोडे दिवस हलके वाटते, असे काही चाचण्यांत आढळले आहे. पण त्या बहुतेक लहान व कच्च्या. जर्मनीतल्या एका चाचणीचा अहवाल २०१६ साली आला. अंगभर दुखण्याच्या फायब्रोमायल्जिया या विकाराचे १४१ रोगी होते. काहींना खऱ्या तुंबड्या लावल्या, काहींना बारीक छिद्रे पाडलेल्या, म्हणजे ओढ न टिकणाऱ्या, तर काहींचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. नेहमीच्या उपचारांपेक्षा तुंबडीचा गुण अधिक दिसला. पण खरी आणि खोटी यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कोणी पाठीला हात लावला, निवांत पडून राहायला मिळाले, याचाही गुण असेलच. त्याच वर्षी रिओच्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांच्या अंगावरचे डाग जगाने पाहिले, आणि आमच्या नातवंडांनाही हे प्रकरण ठाऊक झाले.

डाग म्हणजे अंगातले विष बाहेर आले, असे सांगतात. तसे काही नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचे ते डाग. नको ते गाळायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेत.

आमच्या त्या गृहस्थांचे डाग तीन आठवडे गेले नाहीत. हृदयासाठी ते रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत होते. लावणाऱ्याने विचारले नाही, यांनी सांगितले नाही. नशीब, तुंबडी कोरडीच होती. चिरा देऊन रक्त काढायची असती तर ते थांबवताना धावपळ झाली असती. अशा गोळ्या चालू असतील, मधुमेह किंवा पंडुरोग असेल, कातडी वयाने पातळ झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून कोरडीसुद्धा लावू नये. विस्तवाने भाजते, आणि अस्वच्छ पात्यातून काविळीचे जंतू रक्तात शिरू शकतात, हेही आहेच. छातीत दुखत असेल, पाय बधिर होत असेल, लघवी अडली असेल, तर तुंबडीचे नावही काढू नये. तडक इस्पितळ गाठावे.

ते गृहस्थ आता कुपत खोलीमच्या डॉक्टरीणबाईंना गोळ्यांची यादी दाखवून मगच काय ते करतात. कंबर अजून अधूनमधून धरते. सकाळचे चालणे आणि गरम पाण्याची पिशवी, यांवर सध्या भागते आहे.