लवंगी मिरची : परसबागेतील एक निसर्गपाठ

महाड व पोलादपूर तालुक्यांतील मुलांना मिरचीचे रोप नवे नाही. तरीही मिरचीचा तिखटपणा फळाच्या कोणत्या भागात असतो, असे विचारल्यास मोठ्या वर्गांतील मुलेही बहुधा ‘बियांत’ असेच उत्तर देतात. शिक्षकांनी लवंगी मिरची उभी चिरून दाखवावी. ज्या पांढरट गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यात कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होते. बियांना ते केवळ बाहेरून लागलेले असते. मुलांकडून आकृती काढून घ्यावी. चव मात्र कोणासही घ्यावयास लावू नये, आणि चिरण्याचे काम शिक्षकांनी स्वतःच करावे. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे हात नुसत्या पाण्याने धुऊन डोळ्यांस लावल्यास आग होते. हातांस प्रथम गोडेतेल चोळून मग साबण लावावा. तोंड भाजल्यास पाण्यापेक्षा दूध किंवा ताक बरे.

स्वयंपाकातही हाच गुण दिसून येतो. मिरची मोडून फोडणीच्या तेलात टाकली की तिखटपणा तेलाबरोबर सर्व आमटीत पसरतो. तीच मिरची अखंड ठेवून वरणात सोडली, तर वरण सौम्य राहते. शालेय आहाराची खिचडी पहिलीतील मुले तिखटामुळे पानात टाकत असतील, तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी याविषयी अवश्य बोलावे. ठेचा घरी मोठ्यांनी खावा!

लागवडीत या भागाची मुख्य अडचण पावसाची. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असल्याने सपाट वाफ्यात पाणी साचून मुळे कुजतात. शाळेसाठी भातकापणीचा हंगाम सोयीचा. सप्टेंबरअखेर गादीवाफ्यावर बी पेरावे. त्यापूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत सोळा उगवल्या, तर उगवण शेकडा ८०, हे गणित मुले आनंदाने करतात. पाच-सहा आठवड्यांची रोपे दीड-दीड फुटावर लावावीत. दिवाळीच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे पेरणीपूर्वीच ठरवावे. कित्येक शाळांच्या बागा याच सुटीत वाळून जातात. पाने आकसून बोकड्या दिसताच ते रोप उपटून दूर पुरावे.

इतिहासाच्या तासाला एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. महाडजवळील गांधारपाले येथील लेणी कोरली गेली, तेव्हा या खोऱ्यात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरी, पिंपळी व आले वापरीत. मिरची मूळची अमेरिकेतील; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली, आणि मिरीवरूनच तिला नाव मिळाले.

बियाण्यासाठी निरोगी झाडावरील लाल झालेली फळे राखावीत. पाखरांना कॅप्सेसिनची आग जाणवत नाही, म्हणून बुलबुल पिकलेली मिरची खुशाल खातो व बी दूरवर टाकतो. राखलेल्या फळांवर पातळ फडके बांधावे.