दोघी बहिणी, एकच दुःख

शास्त्रपाठ : योहान 11:17-37

लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. येशू येत आहे हे ऐकून मार्था वाटेवर सामोरी गेली. मरीया घरातच बसून राहिली. दोघींचे गाऱ्हाणे एकच होते : प्रभू वेळेवर आला नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेला रडताना पाहून मात्र तो स्वतः रडला. दोष त्याने कोणालाच दिला नाही.

पाड्यावरच्या एखाद्या तरुणाला रक्ताचा कर्करोग होतो, तेव्हा उपचार दोन-तीन वर्षेही चालतात. आईवडील मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाजवळ राहतात. घरी धाकटी भावंडे, शेत आणि गुरे उरतात. पुष्कळ जण बरे होतात, पण सगळेच नाही. मुलगा गेला की आई बोलत राहते, बाप गप्प होतो, धाकटी बहीण विचारते, "मलाही होईल का?" तिला स्पष्ट सांगावे की कर्करोग शिवल्याने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. पापामुळे किंवा करणीमुळे झाला असेही कोणी म्हणू नये. जन्मांध माणसाविषयी प्रभूने असा दोष नाकारला (योहान 9:3).

म्हणून घरातल्या सर्वांसाठी एकच वचन घेऊन जाऊ नका. बोलणाऱ्याचे ऐका, गप्प असणाऱ्याजवळ बसा. माणसांची ये-जा थांबल्यावर, महिन्याभराने पुन्हा जा.

मननासाठी : आपल्या मंडळीत असे कोणते घर आहे? या आठवड्यात तेथे कोण जाईल?